वचन उचलण्याआधी आजूबाजूचं वाचा: बायबल संदर्भासकट कसं वाचायचं

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये वॉचनाइट म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्रीची उपासना असते, बारा वाजतात, सगळे एकमेकांना हॅपी न्यू इयर करतात आणि मग ट्रे फिरतो, त्यात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकानं एक उचलायची, तिच्यावर बायबलमधली एक ओळ म्हणजे वचन असतं, आणि ते आपलं वर्षाचं वचन. कोल्हापुरात काय, मिरज सांगलीकडे काय, बऱ्याच मंडळ्यांत म्हणजे चर्चमध्ये हे चालतं आणि मला त्यात वाईट काही दिसत नाही, म्हाताऱ्या माणसांना त्याचा किती आधार असतो ते मी बघतो. पण एक गंमत बघा, त्या ट्रेमध्ये आमोस ५:२१ ची, म्हणजे आमोस ह्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातल्या एकविसाव्या ओवीची, चिठ्ठी कधीच नसते, जिथं देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आलाय. गोड गोड तेवढं कुणीतरी आधीच निवडून ठेवलेलं असतं. आणि मग वर्षभर व्हॉट्सअॅपवर पण तेच, फुलाचा फोटो, खाली एक ओळ, आणि ती ओळ कुणी लिहिली, कुणाला लिहिली, कधी लिहिली, कुणाला काही पत्ता नाही.

आमच्या बायबल स्टडीत नवीन पोरं आली की पहिला प्रश्न हाच येतो, दादा बायबल वाचायचं तर आहे पण समजत नाही, कुठनं सुरू करू. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. ख्रिस्ती नसाल आणि नुसतं कुतूहल म्हणून वाचायचं असेल तरी हेच लागू आहे, पद्धत वेगळी नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बायबल एका माणसानं एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नाही. जुना करार ३९ आणि नवा करार २७ असे ६६ ग्रंथ, कॅथलिक बायबलमध्ये ७३. बहुतेक जुना करार हिब्रू भाषेत, दानीएल आणि एज्राचा काही भाग अरामी भाषेत, नवा करार ग्रीकमध्ये. त्यात कायदे आहेत, गाणी आहेत, राजांच्या याद्या आहेत, जमिनीच्या वाटण्या आहेत, पत्रं आहेत, स्वप्नं आहेत. आता ह्या सगळ्याला एकाच चालीत वाचायला गेलं तर घोळ होणारच ना.

आणि ते अध्यायांचे आणि ओव्यांचे आकडे, ते मूळ लिखाणात नव्हतेच. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन ह्यानं, आणि नव्या करारातल्या ओव्यांना आज आपण वापरतो ते नंबर दिले रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच छापखानेवाल्यानं १५५१ मध्ये. शोधायला सोपं जावं म्हणून केलेली ही सोय आहे, त्यामुळं अध्याय संपला म्हणजे विषय संपला असं समजू नका. वचन सापडलं की त्याच्या मागं वीस ओव्या आणि पुढं वीस ओव्या वाचा, एवढी एकच सवय लावली तरी निम्मं काम झालं असं समजा. खरंच सांगतो, बाकीचं पुढचं काही नाही वाचलं तरी चालेल पण एवढं करा.

कोण बोलतंय ते आधी बघा

हे इतकं साधं वाटतं की लोक सोडूनच देतात. दुकानाच्या उद्घाटनाला, नवीन रिक्षाच्या काचेवर, एक वचन हमखास असतं, ईयोब ८:७, म्हणजे तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट मोठ्या भरभराटीचा होईल अशा अर्थाचं. बोलणारा कोण आहे? बिल्दद शूही. ईयोबाचा मित्र. ईयोबाची दहा मुलं एका दिवसात मेलीत, अंगभर गळवं आलीत, तो राखेत बसलाय आणि हे मित्र समाचाराला आलेत. त्याच भाषणात तीन ओव्या वर बिल्दद म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवानं त्यांना त्याचं फळ दिलं. मुलं गेलेल्या बापाला! आणि ग्रंथाच्या शेवटी ४२:७ मध्ये देव स्वतः अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. आता गंमत अशी की ईयोबाचा शेवट खरंच पहिल्यापेक्षा समृद्ध झाला, ४२:१२ बघा, पण बिल्ददनं सांगितलेल्या कारणानं नाही. त्याचा हिशोब होता की चांगला वाग म्हणजे पैसा येईल, दुःख आलं म्हणजे तूच काहीतरी केलं असशील, आणि अख्खा ग्रंथ हा हिशोब मोडायला लिहिलाय. आता हे वचन दुकानावर लावायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काय कुणाच्या रिक्षाची काच पुसायला जात नाही.

ह्याच्याही पुढचं उदाहरण म्हणजे मत्तय ४. तिथं वचन कोण सांगतंय तर सैतान. मंदिराच्या टोकावर येशूला उभं करतो आणि म्हणतो खाली उडी टाक, असं लिहिलंय ना की देवदूत तुला हातांवर झेलतील. ओळी खऱ्या आहेत, स्तोत्र ९१ मधल्याच आहेत. पण ते स्तोत्र देवाच्या आश्रयाला आलेल्या माणसाचं आहे, मुद्दाम उडी मारून देवाला अडचणीत आणणाऱ्याचं नाही. येशू उत्तर देतो अनुवाद नावाच्या ग्रंथातल्या ६:१६ मधनं, तुझा देव परमेश्वर ह्याची परीक्षा पाहू नकोस, आणि त्या ओवीत पुढं मस्सा ह्या जागेचं नाव आहे, तिथं काय झालं ते निर्गम १७ मध्ये मिळतं, लोकांना पाणी नव्हतं आणि ते म्हणायला लागले की देव आमच्यात आहे की नाही ते दाखव. म्हणजे सैतान एक ओळ तोडून आणतो आणि येशू अख्खा प्रसंग पाठीशी असलेली ओळ देतो. मला विचाराल तर संदर्भ का बघायचा ह्याला ह्यापेक्षा मोठा पुरावा नको.

आणि लग्नात वापरतात ते रूथचं वचन, तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक. पत्रिकेवर छापतात, नवरानवरीच्या फोटोखाली टाकतात. पण हे रूथ बोलली सासूला! नवरा तर मेलाय, सासू नामी म्हणतीय की पोरी माहेरी परत जा, दुसरं लग्न कर, दुसरी सून अर्पा रडत रडत गेली पण, आणि ही सासूला चिकटून राहिली. पत्रिकेवर टाकू नका असं नाही, पण मग सासूच्या फोटोखाली पण टाका की.

कुणाला आणि कधी

आता ह्याच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं होतात. यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, भविष्याची आशा देणारे आहेत. दहावीचा रिझल्ट, एमपीएससीचा रिझल्ट, नोकरीचा इंटरव्ह्यू, सगळीकडे हेच वचन जातं.

हे एका पत्रातलं वाक्य आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेमवर आला आणि यहोयाखीन राजा, राजमाता, सरदार, लोहार, सुतार, अशा कामाच्या माणसांना उचलून बाबेलला घेऊन गेला, म्हणजे आजच्या इराकमध्ये. यिर्मया हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा माणूस, मागं यरुशलेममध्येच राहिला आणि त्यानं तिकडच्या लोकांना पत्र पाठवलं. आता पत्राच्या आधीचा अध्याय वाचा, २८ वा. तिथं हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा आहे, तो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची भांडी परत येतील, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकतो. टाळ्याच पडल्या असतील. लोकांना ऐकायचं होतं ते त्यानं सांगितलं. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला.

आणि यिर्मयाच्या पत्रात काय आहे? घरं बांधा, त्यात राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या शहरासाठी! आणि मग दहावी ओवी, सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि त्यानंतर लगेच अकरावी ओवी, संकल्प हिताचे आहेत. पत्र ऐकताना चाळिशीतला जो माणूस असेल त्याला तिथंच कळलं असणार की मी काही परत जात नाही, माझी पोरं आणि नातवंडं जातील. तर ते वचन असं आहे. सहा महिन्यांत नोकरी लागेल असा त्याचा अर्थ काढला तर आपण यिर्मयाच्या तोंडात हनन्याचं भाषण घालतोय.

मग आपल्याला त्यातनं काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं ना, भरपूर घ्यायचं. देव आपल्या लोकांना लांबच्या परक्या गावात पण विसरत नाही, वाट बघायची म्हणजे हातावर हात धरून बसायचं नाही, घर बांधायचं, झाड लावायचं, शेजाऱ्यांचं भलं बघायचं. पुण्याला हिंजवडीत एकटं राहणाऱ्या आमच्या पोरांना हे खरं जास्त उपयोगाचं आहे.

असंच यशया ४३:२. तू जलातून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, प्रयाग चिखली, आंबेवाडी, तिकडं शिरोळची गावं पाण्यात गेली, तेव्हा हे वचन खूप फिरलं. आणि मग ज्याचं घर गेलं, गोठ्यातली म्हैस गेली, त्यानं काय समजायचं, वचन खोटं की माझा विश्वास कमी? हा प्रश्न लोक पाळकांना विचारत नाहीत, मनात ठेवतात, आणि तेच जास्त वाईट. यशया ४३ पूर्ण वाचलं तर कळतं की हे बोलणं याकोबाला म्हणजे सगळ्या इस्राएल लोकांना आहे, त्याच अध्यायात पुढं बाबेलचं नाव आहे, समुद्रातून वाट काढल्याची आठवण आहे, मिसरमधून म्हणजे इजिप्तमधून बाहेर पडले तेव्हाची. जसं तेव्हा आणलं तसं आता बाबेलमधून पण आणीन, एवढं ते सांगतंय. घरात पाणी शिरणार नाही असा तो विमा नाही. सोबत मात्र आहे, पाण्यात पण आणि पाणी उतरल्यावर चिखल काढताना पण.

एकदा का ही बाबेलची गोष्ट डोक्यात बसली की जुन्या करारातले कितीतरी भाग आपोआप उघडतात. स्तोत्र १३७ घ्या, बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो. सुरुवात इतकी सुंदर आणि शेवट इतका भयंकर, शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. बरेच जण तिथं पुस्तक मिटतात. पण ही देवाची आज्ञा नाही, ज्यांनी आपल्या गावात हे होताना बघितलंय त्यांचा आक्रोश आहे, तो देवापुढं जसाच्या तसा ओतलाय. पवित्र पुस्तकात तो ठेवला गेला ह्याचंच मला नवल वाटतं.

म्हणून एक काम करा, वहीच्या पहिल्या पानावर फक्त एवढं लिहून ठेवा. दावीद राजा, इ.स.पू. १००० च्या आसपास. त्याच्या नातवाच्या वेळी राज्य फुटलं, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा. उत्तरेचं शोमरोन पडलं इ.स.पू. ७२२ ला अश्शूरच्या हातून. यरुशलेम आणि मंदिर पडलं ५८६ ला बाबेलच्या हातून. ५३९ ला पारसचा म्हणजे इराणकडचा राजा कोरेश ह्यानं बाबेल घेतलं आणि पुढच्या वर्षी लोकांना परत जायला परवानगी दिली. मग नंतर ग्रीक, मग रोमी, येशूचा काळ रोमी राजवटीतला, आणि इ.स. ७० ला रोमी सैन्यानं मंदिर परत पाडलं. बास, एवढंच. संदेष्टा वाचायला घेतला की बऱ्याच ग्रंथांत सुरुवातीलाच राजांची नावं असतात ती कंटाळवाणी म्हणून सोडू नका, तोच पत्ता असतो. तो ह्या पानाशी जुळवा आणि मग पुढं जा.

लिखाण कुठल्या जातीचं आहे

नीतिसूत्रे २६ ची चौथी ओवी म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवी ओवी म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर दे. लागोपाठ! आमच्या ग्रुपमधला एक कॉलेजचा पोरगा मोठ्या खुशीत घेऊन आला होता की बघा दादा बायबलमध्येच विरोध. अरे, म्हणी आहेत त्या. मराठीत पण 'अति घाई संकटात नेई' आहे आणि 'शुभस्य शीघ्रम' पण आहे, कुठली कधी वापरायची ते माणसानं अक्कल लावून ठरवायचं असतं. नीतिसूत्रांतलं वाक्य हे सर्वसाधारण शहाणपण आहे, लेखी गॅरंटी नाही. मुलाला चांगलं वळण लाव, म्हातारपणी पण तो सोडणार नाही, हे २२:६. आता एखाद्या आईबापानं सगळं नीट करूनसुद्धा पोरगं वाया गेलं तर हे वचन त्यांच्या तोंडावर फेकणारी माणसं मी बघितलीत, फार राग येतो.

गोष्टी वाचताना दुसरी चूक होते. बायबलमध्ये कुणी काहीतरी केलं म्हणजे ते करावं असं सांगितलंय असं नाही. शास्ते १९ ते २१ वाचा, इतकं घाणेरडं आहे की संडे स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही. लेखक शेवटी फक्त एवढं म्हणतो की त्या काळी इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरं वाटे ते तो करी. तो कौतुक करत नाहीये, तक्रार करतोय. दाविदाच्या, शलमोनाच्या बायकांचं पण तसंच, त्याचे परिणाम काय झाले ते पुढं सगळं लिहिलंय.

पत्रं असतील तर ती पत्रासारखी वाचा, म्हणजे वरपासून खालपर्यंत, एका दमात. आपल्याला आलेलं पत्र आपण आज तीन ओळी आणि उद्या तीन ओळी असं वाचतो का? १ करिंथ १३, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, हे प्रत्येक ख्रिस्ती लग्नात असतं, आणि असू दे, छानच आहे. पण पौलानं, म्हणजे नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या प्रेषितानं, हे लिहिलं ते करिंथ गावच्या भांडकुदळ मंडळीला. पहिल्याच अध्यायात गट पडलेत, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. सहाव्यात एकमेकांवर कोर्टात केस. अकराव्यात प्रभुभोजनाला एक उपाशी आणि एक पिऊन तर्र. बारा ते चौदा मध्ये कुणाचं कृपादान म्हणजे देवानं दिलेली देणगी मोठी, अन्य भाषा बोलणारा मोठा की संदेश देणारा. त्या वादाच्या बरोबर मध्ये तेरावा अध्याय येतो. म्हणजे खरं तर हा अध्याय लग्नापेक्षा चर्चच्या कमिटी मीटिंगमध्ये वाचायला पाहिजे. वार्षिक सभेत तर नक्कीच.

तसंच फिलिप्पै ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं वेड, शाहू स्टेडियमला मॅच असली की पेठापेठांत दुसरा विषय नसतो, आणि आमच्यातल्या खेळणाऱ्या पोरांच्या स्टेटसला मॅचच्या आदल्या दिवशी हे वचन. भावा, समोरच्या टीममध्ये पण एखादा ख्रिस्ती पोरगा असला तर मग काय, ड्रॉ? पौल हे कैदेतून लिहितोय, आणि मागच्या दोन ओव्या वाचल्या की सर्व काही म्हणजे काय ते कळतं, उपाशी राहणं आणि पोटभर असणं, टंचाई आणि चंगळ, दोन्हीत समाधानी राहायला शिकलोय म्हणतो. तेव्हा हे वचन मॅच हरून घरी येणाऱ्या पोराला जास्त लागू पडतं.

बायबलच्या शेवटच्या ग्रंथाबद्दल, प्रकटीकरणाबद्दल, थोडक्यात. ते सात मंडळ्यांना लिहिलंय, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे, सगळी गावं आजच्या तुर्कस्तानात. त्यातली चिन्हं बरीचशी दानीएल, यहेज्केल, जखऱ्या ह्यांच्यातनं आलेली आहेत, ती आधी वाचल्याशिवाय प्रकटीकरणाला हात घालू नका. त्यातल्या श्वापदाचा आकडा ६६६ म्हणजे बारकोड, मग आधार कार्ड, मग कोरोनाची लस, असे मेसेज आलेत ना तुम्हाला पण? पहिल्या शतकात स्मुर्णात बसून छळ सोसणाऱ्या माणसाला ज्या अर्थाचा काहीही उपयोग झाला नसता तो अर्थ बहुतेक चुकीचाच असतो. एवढा नियम लावला तरी असले निम्मे व्हिडिओ आपोआप बंद होतील.

जमीन, पैसा, घरदार

ह्या बाबतीत आपण कोल्हापूरवाले नशीबवान आहोत, शेतीवाडीची माणसं आहोत. खळं म्हणजे काय, मळणी म्हणजे काय, जू म्हणजे काय हे आपल्याला टीप वाचून शिकावं लागत नाही. रूथ ३ मध्ये शेतमालक बवाज खळ्यावर धान्याच्या राशीशेजारी का झोपला ते आपल्या आजोबांना विचारा, लगेच सांगतील. सरवा वेचणं पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना माहीत आहे, फक्त तिथं तो गरिबांचा कायद्यानं दिलेला हक्क होता, लेवीय १९:९ आणि १०, शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. रूथ गरीब पण होती आणि परकी पण. आता लेवीय वाचून कंटाळा आला असेल तर रूथ वाचल्यावर परत जाऊन ती ओवी बघा, वेगळीच दिसते.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, लूक १०, लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला एक शोमरोनी मदत करतो ती, त्यात यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता आहे. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर आणि यरीहो समुद्रसपाटीच्या जवळजवळ २५० मीटर खाली, अंतर जेमतेम २७ किलोमीटर. गगनबावड्याचा करूळ घाट डोळ्यापुढं आणा, फक्त झाडं काढून टाका, नुसते उघडे डोंगर आणि दऱ्या. लुटारूंना आणखी काय पाहिजे. आणि शोमरोनी म्हणजे कोण, तर ज्याच्याशी यहूदी माणूस संबंध ठेवत नव्हता असा. येशूला प्रश्न विचारणारा शास्त्री शेवटी शोमरोनी हा शब्द पण तोंडातून काढत नाही, ज्यानं दया केली तो, असं म्हणतो. आता आपल्या गावात ह्या जागी कोण बसेल ह्याचा विचार आपापल्या घरी करा, इथं लिहिलं तर भांडणं होतील.

पैशाचे आकडे आले की कॅल्क्युलेटर काढा, मी खरंच सांगतोय. मत्तय १८ मध्ये एका चाकराला १०,००० तालांत कर्ज माफ होतं आणि बाहेर पडून तो १०० दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय २० मध्येच आहे ते, आणि एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे पहिलं कर्ज ६ कोटी दिवसांची मजुरी. आजची मजुरी हिशोबापुरती ५०० धरली तर ३,००० कोटी रुपये, आणि दुसरं कर्ज ५०,००० रुपये. आमच्या ग्रुपमध्ये हा हिशोब फळ्यावर मांडला की लोक आधी हसतात, आणि मग कुणीतरी भावकीतल्या बांधाच्या भांडणाबद्दल बोलायला लागतं. आणि हे पण बघा की ही गोष्ट कुठल्या प्रश्नावर आली, येशूचा शिष्य पेत्र ह्यानं विचारलं होतं भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा का?

ते वचन जे सगळ्यात जास्त वेळा माईकवरून ऐकू येतं

मलाखी ३:१०. सगळा दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा भांडारात आणा, मग बघा मी आकाशकपाटं उघडून आशीर्वाद ओततो की नाही. हे ऐकवून पैसे मागणारे सभावाले सगळ्यांना माहीत आहेत, नावं घ्यायची गरज नाही. मी दशमांश देऊ नका असं म्हणत नाही, चर्च चालवायला पैसे लागतात, लाईट बिल कुणी भरायचं. पण मलाखीचे चारच अध्याय आहेत, मराठी बायबलमध्ये तीन चार पानं, ती सगळी वाचा. पहिल्या अध्यायात तो याजकांना झापतोय, देवाला आंधळी लंगडी जनावरं वाहता, तीच सुभेदाराला नेऊन द्या बघू, घेतो का. तिसऱ्या अध्यायात दशमांशाच्या पाच ओव्या आधी देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यांवर, परक्याचा हक्क मारणाऱ्यांवर मी साक्षी म्हणून येतोय. ही पाचवी ओवी माईकवरून कितीदा ऐकलीत?

आणि भांडार म्हणजे काय, तर मंदिरातली धान्याची कोठारं. नहेम्या १३ मध्ये दिसतं की लोकांनी वाटा आणून देणं बंद केलं तर लेवी लोक, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेले, मंदिराचं काम सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. अनुवाद १४:२८ आणि २९ मध्ये तर दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेव्यांसाठी, परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी, त्यांनी पोटभर खावं म्हणून. तर मग कुणी सभेत मलाखी वाचला की नम्रपणे विचारा, काका, ह्यातलं विधवांना किती जातं. प्रश्न संदर्भातलाच आहे.

प्रत्यक्ष बसायचं कसं

उत्पत्तीपासून सुरू करून सरळ वाचत जाणारे बहुतेक लोक लेवीयमध्ये अडकतात आणि पुढच्या जानेवारीत परत उत्पत्ती उघडतात. तसं करू नका. मार्कापासून सुरू करा, १६ अध्याय, मोठ्यानं वाचलं तरी दीड दोन तासांत होतं, एका रविवारी दुपारी बसून संपवा. मग फिलेमोन, एकच पान, २५ ओव्या, पळून गेलेल्या गुलामाला मालकाकडं परत पाठवताना लिहिलेलं पत्र, त्यात पौल मालकाला कसा प्रेमानं कोपऱ्यात पकडतो ते बघायला मजा येते. मग रूथ. मग उत्पत्ती आणि निर्गमचे पहिले २० अध्याय. मग लूक आणि त्याच्यामागं प्रेषितांची कृत्ये, दोन्ही एकाच लेखकाचे आहेत आणि दोन्ही थियफिल नावाच्या एकाच माणसाला लिहिलेत. स्तोत्रं रोज एक, कधीही, त्याला क्रम लागत नाही.

दोन मराठी भाषांतरं जवळ ठेवा, एक चर्चमध्ये वापरतात ते पवित्र शास्त्र आणि एक सोप्या भाषेतलं, एकात अडलं की दुसऱ्यात बघायचं. मोबाईलवर यूव्हर्जन अॅपमध्ये मराठी आवृत्त्या फुकट आहेत, त्यामुळं पैशाचं कारण नको. पण पहिलं वाचन कागदावरच करा असं माझं मत आहे, अॅपमध्ये ओवी शोधली की तीच ओवी पुढं येते आणि आजूबाजूचं दिसतच नाही, आणि तिथंच सगळा रोग आहे. छापील पुस्तकात ओवीखाली किंवा बाजूला बारीक अक्षरात दुसऱ्या ग्रंथांचे संदर्भ दिलेले असतात, ते उघडून बघा, नवा करार जुन्या करारातलं काय उचलतोय ते तिथं कळतं. वधस्तंभावर येशू म्हणतो माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ती स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे, आता ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा आणि कुठं जाऊन पोचतं ते बघा.

शक्यतो एकट्यानं वाचू नका. चार पाच जण पुरे, आणि त्यात एक तरी शेतकरी, एक तरी म्हातारी बाई आणि एक तरी फाटे फोडणारं पोरगं पाहिजे. आधी भाग मोठ्यानं वाचायचा, मग कोण बोलतंय, कुणाला, कधी, त्याच्या आधी काय झालं, हे बोलायचं, आणि माझ्यासाठी ह्यात काय आहे हा प्रश्न पहिला अर्धा तास कुणी काढायचाच नाही. आमच्याकडं कुणी काढला की त्यानं चहा करायचा असा नियम आहे, आणि चहा दर वेळी होतोच. जे कळलं नाही त्याच्यापुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करून ठेवा, पेननं नको, बरीच चिन्हं नंतर खोडावी लागतात. आणि पाळकांना भेटाल तेव्हा ती यादी घेऊन जा, फक्त रविवारी उपासना सुटल्या सुटल्या दारात गाठू नका, तेव्हा त्यांना दोनशे लोकांशी हात मिळवायचा असतो, मंगळवारी किंवा बुधवारी फोन करून जा.